बुलबुलाच्या चोचीतली अळी

अण्णा, तुमची ती बुलबुलाची निगेटिव्ह माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर आईनं पत्र्याच्या पेटीतून काढून माझ्या हातात दिली, तेव्हापासून ती माझ्याच कपाटात आहे. तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं मधल्या वर्षांत पुष्कळदा वाटलं. पण मी पडले आळशी, आणि जे लिहायचं होतं ते लिहायचं धाडसही नव्हतं. गेल्या महिन्यात इथं धाराशिवला माझ्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता भिंतीवरची मुंगी दिसते, सुनेनं घासलेल्या पातेल्याला राहिलेला साबणही दिसतो, आणि त्यामुळे सध्या घरात माझं कुणाशी फारसं पटत नाही. डोळा ठीक झाल्यावर कपाट आवरायला काढलं, तर तळाशी तुमचं खाकी पाकीट. ते दोन दिवस टेबलावर तसंच पडू दिलं. तिसऱ्या दिवशी जे केलं ते शेवटी सांगते.

तुम्हाला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला स्वतःला ते सगळं एकदा ओळीनं मांडून बघायचं आहे. तुळजापुरात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपलं फोटोचं दुकान, दुकानाच्या मागे घर, घराच्या मागे परस. दुकानाची पाटी आधी उर्दूत होती. निजामाचं राज्य गेल्यावर तुम्ही ती मराठीत रंगवून घेतलीत, पण तुमच्या तोंडातली उर्दू काही गेली नाही. फोटोला तुम्ही शेवटपर्यंत तसवीर म्हणायचात, कारण हैदराबादेत ज्या उस्तादांकडे तुम्ही हे काम शिकलात ते तसं म्हणत. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक नवी जोडपी. लग्न झालं की देवीला यायचं, दर्शन घ्यायचं आणि हळदीच्या अंगानंच आपल्या रंगवलेल्या पडद्यापुढे उभं राहायचं. पडद्यावर एक कारंजं होतं आणि एक हंस. हंस तुम्ही स्वतः काढलेला, त्यामुळे तो बदक दिसायचा. आई म्हणायची, "लोकं देवीला येत्यात का बदकाला, तेच कळंना." तुम्ही हसून पान लावायला घ्यायचात.

मॅट्रिकनंतर मी घरी बसले तेव्हा तुम्ही मला रिटचिंग शिकवलंत. परसाकडच्या खिडकीत लाकडी चौकट, तिच्यात निगेटिव्ह, खाली आरसा, आरशातून वर येणारा उजेड. निगेटिव्हवर पेन्सिल धरावी म्हणून आधी बोटानं औषध चोळायचं, ते वाळलं की सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं बारीक बारीक टिंबं द्यायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, म्हणून जिथं पेन्सिल लागेल ती जागा फोटोत उजळते. त्या काळात लहानपणी देवी येऊन गेलेल्या मुली किती असत. चेहऱ्यावरचा एकेक व्रण मी टिंब टिंब देऊन भरून काढायची. फोटो घ्यायला नवरा यायचा, बघून खूश व्हायचा, आणि तुम्ही आतल्या खोलीकडे बघून नुसतं "माशाल्ला" म्हणायचात. ते मला ऐकू जावं म्हणून म्हणायचात हे मला ठाऊक होतं. माझ्या हाताचा मला गर्व होता, तो काही मी लपवत नाही.

आणि ती म्हातारी आठवते? नवऱ्याचा तळहातापेक्षा लहान, कडा झिजलेला फोटो घेऊन आलेली. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, दोघांचा मिळून एकही फोटो नाही. तुम्ही तिला रिकाम्या खुर्चीशेजारी बसवलंत, त्या जुन्या फोटोवरून नवरा मोठा केलात, कापलात, खुर्चीत चिकटवलात, त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढलात, आणि जोड मी पेन्सिलीनं मिटवला. फोटो बघून ती कितीतरी वेळ रडली आणि मग तिनं तुमची दृष्ट काढली. ही गोष्ट गावभर झाली. तेव्हापासून तुमच्याबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना माहीत झाल्या. एक म्हणजे अण्णा मेलेल्या माणसाला खुर्चीत बसवतात, आणि दुसरी म्हणजे अण्णांच्या फोटोवर विश्वास ठेवायचा नसतो.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. परसात डाळिंबाचं झाड होतं, कढीलिंब होता, आणि मागच्या दाराशेजारी खुंटीला टांगलेलं फुटक्या तोंडाचं गाडगं. गाडग्यात चिमण्यांची पिल्लं होती, डाळिंबात बुलबुलाची. एका सकाळी बोक्यानं डाळिंबातलं घरटं रिकामं केलं. बुलबुलाची जोडी दिवसभर कुंपणावर ओरडत होती, आणि तुम्ही गिऱ्हाईक सोडून दोनदा हातात काठी घेऊन मागं आलात, पण बोका कधीच पसार झाला होता. संध्याकाळी जेवताना तुम्ही म्हणालात की एक बुलबुल अजून चोचीत किडा घेऊन त्या रिकाम्या घरट्यापाशी येते आहे. नर-मादी सारखीच दिसत असली तरी तुमच्या मते ती आईच होती. "घास आणलाय आणि द्यायला कुणी न्हाय," असं तुम्ही म्हणालात आणि भाकरी अर्धी ठेवून उठलात.

दोन दिवसांनी सकाळी तुम्ही चूळ भरायला मागं गेलात आणि तोंडात पाणी तसंच धरून उभे राहिलात. मला ते अजून दिसतं. गाल फुगलेले, हातात तांब्या, डोळे गाडग्यावर. आई विचारते, "काय झालं?" तुम्ही पाणी गिळून टाकता आणि म्हणता, "बुलबुलानं चिमणीच्या पिल्लाला घास दिला. आत्ता. माझ्या डोळ्यासमोर." आई पिठाच्या हातानं बाहेर आली तोवर बुलबुल उडाली होती. पण आईला त्याचं काही नवलच वाटलं नाही. ती म्हणाली, "तिची पिल्लं गेली ना? अंगावर दूध असलं की बाईला दुसऱ्याचं लेकरू बी चालतंय." "अगं, पाखराला दूध कुठलं?" "माया तर असती का न्हाय?" एवढं बोलून ती भाकरी थापायला आत गेली. तिला पुरावा लागला नाही, डोळ्यानं बघावंही लागलं नाही. तुमच्यावर त्या घरात पहिल्या झटक्यात विश्वास ठेवणारी ती एकटीच होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर तुम्हाला दुसरं काही सुचेना. सकाळी दुकान उघडायच्या आधी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारामागे पाटावर बसायचात आणि मी खिडकीत माझ्या चौकटीपुढे. तुम्ही हळू आवाजात सगळं सांगत असायचात. आता ती कपडे वाळत घालायच्या तारेवर बसली. आता चिमणी अंगावर धावून गेली. आता तिनं चिमणीला जुमानलं नाही. तीन-चार दिवसांनी चिमण्यांनी भांडणं सोडून दिलं, आणि एकदा तर म्हणे चिमणा चोचीत माशी धरून तारेवर गपचूप बसून राहिला, बुलबुलाचं होईपर्यंत. तुम्हाला त्यानं इतका आनंद झाला की तुम्ही ते दुकानात आलेल्या एका परक्या नवरदेवालाही सांगितलंत. मध्येच तुम्ही मला विचारायचात, "पाहिलंस का?" मी मान वर करेपर्यंत बुलबुल निघालेली असायची. मला दिसायची ती तिची पाठ आणि शेपटीखालचा लाल डाग. मी म्हणायची, "हो, पाहिलं." हातात काम असताना माणूस असंच म्हणतो. पण मी ते एकदा नाही, रोज म्हटलं.

गावात तुम्ही सांगितलंत आणि गावानं तुमची यथेच्छ चेष्टा केली. समोरचा हळदी-कुंकवाचा दुकानदार तर रोज विचारायचा, "काय अण्णा, आज काय, कावळ्यानं पोपटाला न्हाऊ घातलं का? काढा की फोटो. तुमाला काय अवघड? मेलेला माणूस खुर्चीत बसवता, बुलबुल गाडग्यावर बसवायला कितीसा येळ लागतोय?" सगळे हसायचे, तुम्हीही हसायचात, पण घरात येऊन टोपी खुंटीला अडकवताना तुमचा चेहरा उतरलेला असायचा. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा काही न बनवता सांगत होतात आणि नेमकं तेच कुणाला खरं वाटत नव्हतं.

मग ते सर आले. उस्मानाबादच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणारे, पुण्याकडून नव्यानं बदलून आलेले, दर मंगळवारच्या मोटारीनं देवीला यायचे आणि परतताना आपल्या दुकानाच्या सावलीत पाणी प्यायला थांबायचे. त्यांना पाखरांचा नाद होता. तुमची हकीकत त्यांनी शेवटपर्यंत नीट ऐकून घेतली, हेच तुम्हाला मोठं वाटलं. ते म्हणाले, "काका, असं सहसा होत नाही. पण होतच नाही असंही मी म्हणणार नाही. पुण्याच्या एका मासिकात निसर्गातल्या अशा नोंदी छापतात. फोटो मिळाला तर मी स्वतः लिहून पाठवीन, तुमच्या नावानं." मग जरा घुटमळून म्हणाले, "एक मात्र आहे, राग मानू नका. मला निगेटिव्ह बघावी लागेल. आणि तिच्यावर पेन्सिल लागलेली चालणार नाही. कुठंच नाही." तुम्ही म्हणालात, "बिलकुल मंजूर." "तुमच्याशिवाय आणखी कुणी पाहिलंय हे?" "माझ्या पोरीनं पाहिलंय की." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. मी म्हणाले, "हो, पाहिलंय."

त्या दिवशी तुम्ही मला जवळ बसवून जे बोललात ते मला शब्दानं शब्द आठवतं, कारण तुम्ही असं कधी बोलत नव्हता. "बघ बाळ, पंचवीस वर्षं झाली, लोकास्नी बरं वाटावं म्हणून तसवीर काढतोय. त्यात काही गैर न्हाय, रोजी हाय आपली. पण एक तरी असावी जी जशी हाय तशीच चांगली. ही एक मला सच्ची पाहिजे." मी मान डोलावली. अण्णा, मला सगळं समजलं होतं. न समजून काही केलं असतं तर आज एवढं लागलं नसतं.

दुकानातला मोठा कॅमेरा पाखराच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून तुम्ही बाहेरगावच्या लग्नांसाठी सोलापुरातून घेतलेला घडीचा कॅमेरा काढलात. तीन दिवस आधी तिवईवर नुसतं एक खोकं काळ्या फडक्यात गुंडाळून गाडग्यापुढे ठेवलंत, पाखरांची भीड चेपावी म्हणून. मग खोक्याच्या जागी कॅमेरा आला. गाडग्यापासून भिंगापर्यंतचं अंतर तुम्ही आईच्या शिवणाच्या टेपनं मोजलंत, कळीला दोरा बांधलात आणि दोऱ्याचं दुसरं टोक स्वयंपाकघराच्या दारातून आत. उजेड भिंतीवर यायचा तो सकाळी आठच्या सुमाराला, आणि तासाभरात सरकायचा. तेवढ्या वेळात घरातल्या कुणी मागं जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही. आई खरकटी भांडी घेऊन दुकानाच्या पायरीवर घासायला बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "आमच्या घरी बाळंतीण हाय, गाडग्यात." दोरा ओढला की एक फोटो. मग पाखरं दूर जाईपर्यंत थांबायचं, जाऊन फिल्म फिरवायची, कळ पुन्हा चढवायची, परत येऊन पाटावर बसायचं. आठ फोटोंच्या रिळाला तुम्हाला पाच दिवस लागले. पहिल्यात नुसतं गाडगं. दुसऱ्यात नुसती शेपटी. एकात आईचं लुगडं, कारण वाळत घातलेलं वाऱ्यानं मध्ये आलं. त्यावरून तुम्ही आईला बोललात आणि तिनं तुम्हाला दुपारी जेवायला वाढलं नाही, मी वाढलं. सातवा फोटो झाला तेव्हा मात्र तुम्ही दोरा सोडून दोन्ही हात डोक्याला लावलेत आणि आवाज न करता हसलात. दुसऱ्याच दिवशी पिल्लं गाडग्यातून उडून गेली. पुन्हा फोटो काढायचा आता प्रश्नच नव्हता.

सोमवारी सकाळी जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत तुम्ही रीळ धुतलंत. दुपारी तुम्हाला तामलवाडीला एका लग्नाला जायचं होतं, मुक्काम तिथंच, मंगळवारी दुपारपर्यंत परत, आणि मंगळवारीच सर येणार. ओलं रीळ उजेडात धरून तुम्ही बघितलंत. "सातवी," तुम्ही म्हणालात. "सातवी आली, बाळ. वाळली की कापून पाकिटात घाल. हात लावू नको." तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पुढं माझ्या लग्नातही बघितलं नाही. तुम्ही पेटी खांद्याला लावून मोटार गाठायला निघालात आणि कोपऱ्यापर्यंत पळत गेलात. त्या वयात, धोतराचा सोगा हातात धरून.

मंगळवारी सकाळी मी सातवी कापली आणि पाकिटात घालायच्या आधी चौकटीत ठेवली. बघायचीच होती फक्त. बुलबुल गाडग्याच्या काठाला लटकलेली, पंख अर्धे उघडे, शेंडी स्पष्ट. आतून पिल्लाचं वासलेलं तोंड. आणि चोच? चोचीत मला काही दिसेना. चोच आणि पिल्लाचं तोंड यांच्यामध्ये केसाएवढी एक फिकट रेघ होती, तीसुद्धा धड नाही. असल्या रेघा मी रोज ओरखडा म्हणून भरून टाकायची. मी ती पुन्हा पुन्हा बघितली. मला वाटलं, अण्णांना भास झाला. बुलबुल नुसती बघायला येते आहे, उघड्या चोचीनं ओरडते आहे, आणि अण्णांनी मनानं तिच्या चोचीत घास घातला आहे. दुपारी सर बघणार, चोच रिकामी दिसणार, ते काही बोलणार नाहीत, आणि अण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहणार. ते मला सहन होईना. दुसरीकडे माझा हात मला सांगत होता की माझं टिंब आजवर कुणालाच दिसलेलं नाही. औषधाचा एक थेंब, तो वाळेपर्यंत रामाचं नाव, आणि मग मी अळी काढली. चोचीपासून पिल्लाच्या तोंडापर्यंत, जराशी जाड, तिला अंगाच्या वळ्यासुद्धा दाखवल्या. आयुष्यात तेवढं नाजूक काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

तुम्ही मोटारीतून उतरून तडक दुकानात आलात तेव्हा सर बाकावर बसलेले होते. तुमच्या अंगावर तामलवाडीच्या लग्नाचा गुलाल. "दिली का?" तुम्ही मला विचारलंत, आणि मी पाकीट सरांच्या हातात दिलं. तुम्ही ती वाळलेली अजून पाहिलीच नव्हती. सरांनी आधी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "वा काका, वा." तुम्ही माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेत. मग त्यांनी निगेटिव्ह तिरपी केली. अण्णा, मी सगळं शिकले होते, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पेन्सिल समोरून दिसत नाही, पण तिरप्या उजेडात शिसं चमकतं. सर बराच वेळ तशीच धरून बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "काका, यावर शिसपेन्सिल आहे. चोचीपाशी."

तुम्ही निगेटिव्ह हातात घेतलीत. तिरपी केलीत. तुम्ही माझ्याकडे मान वळवली नाहीत. इतकं कटाक्षानं वळवली नाहीत की मला ते थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागलं. "व्हय," तुम्ही म्हणालात. "माझीच. सवय हो हाताला. ध्यानात न्हाय राहिलं." सर म्हणाले, "असू द्या, असू द्या. फोटो म्हणून फारच सुरेख आहे." त्यांनी पाणी पिऊन आईला नमस्कार केला, आणि उस्मानाबादच्या मोटारीला अजून तासभर अवकाश होता तरी उठले. नंतरही ते मंगळवारी यायचे, पाणी प्यायचे, हवापाण्याच्या गोष्टी करायचे. पाखरांचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, तुम्हीही नाही.

मी त्या दिवशी तुमच्या रागावण्याची वाट बघत होते. संध्याकाळी तुम्ही माझ्यासमोर तामलवाडीच्या निगेटिव्ह ठेवल्यात आणि म्हणालात, "ही नवरी. डाव्या गालाकडं बघ जरा." बस. तेवढंच. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात नाही, मी सासरी जाताना नाही, कधीच नाही. एकदा तरी ओरडला असतात, हात उगारला असतात, तर मी पायावर पडले असते आणि सगळं बोलून टाकलं असतं. तुम्ही ती संधीच दिली नाहीत. गावानं पुढं किती वर्षं तुम्हाला बुलबुलावरून छळलं. माझ्या लग्नाच्या पंगतीत हळदी-कुंकवाच्या दुकानदारानं विचारलं, "अण्णा, ही खरीच नवरी ना? का पेन्सिलीनं काढली?" सगळी पंगत हसली. तुम्हीही हसलात आणि त्याला आणखी एक जिलबी वाढलीत. मी मुंडावळ्यांआडून बघत होते.

तुम्ही गेलात त्याच्या चौदाव्या दिवशी आईनं पाकीट दिलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिला ते आधीच ठाऊक होतं. ती म्हणाली, "म्या म्हणलं हुतं त्यास्नी. टर्पिनटाइनचा बोळा फिरवा, पेन्सिल जाईल, खालचं दिसंल, दावा त्या मास्तरला." खरंच की. हे तर तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की पेन्सिल चुकली तर टर्पेंटाइननं पुसायची, खालच्या चित्राला धक्का लागत नाही. दोन मिनिटांचं काम होतं. "मग का नाही पुसली?" मी विचारलं. आई म्हणाली, "ते म्हणले, राहू दे. पुसलं आणि खाली अळी निघाली, तर पोरीला काय वाटंल? तिला वाटू दे, काही नव्हतं म्हणून." मी विचारलं, "मग होती का गं?" "मला काय ठावं? त्येंनी पुसली न्हाय, म्या बघितली न्हाय."

म्हणजे तुम्ही सगळ्या गावाचं हसणं अंगावर घेतलंत ते माझी चूक झाकायला नाही. चूक तुम्ही दुकानातच झाकली होती. त्या चुकीनं काय नासलं ते मला कळू नये, एवढ्यासाठी तुम्ही तुमची एकुलती एक सच्ची तसवीर माझ्या पेन्सिलीखाली झाकून ठेवलीत. मी आईपुढे खूप रडले, आणि घरी येऊन पाकीट कपाटाच्या तळाशी घातलं. तेव्हापासून टर्पेंटाइनची बाटली घरात अनेकदा येऊन गेली. दारांना रंग दिला तेव्हा आली, मुलानं सायकल रंगवली तेव्हा आली. दर वेळी वास आला की मी ते काम होईपर्यंत दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

गेल्या आठवड्यात मी सुनेला रंगाच्या दुकानातून छोटी बाटली आणायला सांगितलं. कशाला म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं नाही. सकाळी उन्हाच्या खिडकीत बसले, निगेटिव्ह पांढऱ्या कागदावर ठेवली आणि कापसाचा बोळा चोचीपाशी फिरवला. इतकी वर्षं झाली तरी माझी अळी लगेच निघाली, कापसाला करडा डाग तेवढा लागला. तिच्याखाली तुमची अळी होती. बारीक, मध्ये वाकलेली, एक टोक चोचीत आणि दुसरं पिल्लाच्या तोंडात गेलेलं. ती केसाएवढी रेघ म्हणजेच ती अळी होती, आणि मी ती ओरखडा समजून तिच्यावरच माझी जाड अळी बसवली होती. माझी सरळ होती. खरी अळी चोचीत अशी सरळ लटकत नाही, एवढंसुद्धा मला माहीत नव्हतं, कारण मी कधी मान वर करून बघितलंच नव्हतं. आता निगेटिव्हवर पेन्सिल कुठंच नाही. पण दाखवू कुणाला? सर नाहीत, हळदी-कुंकवाचं दुकान नाही, आईही नाही.

हे पत्र घडी करून त्याच खाकी पाकिटात ठेवणार आहे, कारण टपालात टाकण्याजोगा तुमचा पत्ता कुणाकडेच नाही. तुम्ही खरं बोलत होता हे लिहिलं, मी रोज खोटं बोलत होते हेही लिहिलं. आणखी एक राहिलं. त्या सकाळी बोळा फिरवत होते, अण्णा, तेव्हा चोच रिकामी निघावी असं मी मनातल्या मनात म्हणत होते.